गुटी, गोळी आणि बाटली

तान्ह्या मुलाच्या पोटदुखीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही की, ज्याचे पोट दुखते त्याला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येते ती मोठी माणसे चार-सहा महिन्यांत ते सारे विसरून जातात. राजेरजवाड्यांच्या जन्माच्या तिथी आणि घटका शकावल्यांतून मिळतात, बारशाला वाटलेल्या साखरेचा आणि दानधर्माचा खर्च जमाखर्चाच्या वह्यांतून सापडतो. परंतु पाळण्यातला तो जीव महिन्या-दीड महिन्याचा असताना रोज दिवेलागणीला मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन किती वेळ रडत होता, याची नोंद कोणत्याही कारकुनाने ठेवलेली नाही. नोंद राहिली ती इलाजाची: वैद्याच्या पोथीत, अबकारी खात्याच्या दफ्तरात, चौकशी-मंडळापुढील जाबजबाबांत आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीत. तेव्हा हा इतिहास इलाजांच्या मागावरूनच काढावा लागतो. आणि तसा तो काढीत गेले असता दिसू लागते ते असे की, प्रत्येक इलाजाच्या पाठीमागे मुलाचे पोट जितके आहे तितकाच, त्या घरात मूल उचलून घ्यायला कोण मोकळे होते, हा प्रश्नही आहे.

आपल्याकडे या विषयाचे सर्वांत बारीक निरीक्षण काश्यपसंहितेत सापडते. कौमारभृत्याचा, म्हणजे बालरोगशास्त्राचा, हा प्राचीन ग्रंथ शतकानुशतके जवळजवळ लुप्तच होता. नेपाळात राजगुरू हेमराज शर्मा यांच्या हाती आलेल्या खंडित ताडपत्रांवरून तो १९३८ साली मुद्रित झाला, आणि त्याची कित्येक पाने आजही गहाळ आहेत. सुदैवाने त्यातला ‘वेदनाध्याय’ उरला. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याचे कोठे काय दुखते हे वैद्याने ओळखावे कसे, असा वृद्धजीवक या शिष्याचा प्रश्न आहे आणि कश्यपांनी त्यावर एकेका व्याधीची बाह्य लक्षणे सांगितली आहेत. पोटात शूळ असलेले मूल स्तन सोडून देते, रडते, उताणे पडून अंग मुरडते; त्याचे पोट ताठरते, अंगाला गारवा येतो आणि तोंडाला घाम सुटतो. कारण नसताना ज्याला वारंवार ढेकरा येतात, जे पेंगते आणि जांभया देते, त्याला ओकारी होणार असे जाणावे. पाजून झाल्यावर मुलाच्या घशाशी दूध येणे, त्याने ते गिळणे किंवा खांद्यावर टाकणे, आणि त्यापायी कुरकुरणे, या ज्या प्रकाराला आजचे बालरोगतज्ज्ञ ‘रिफ्लक्स’ म्हणतात, त्याची चाहूल ओळखण्याचा हा प्रयत्न आहे. आणि तो यंत्राशिवाय, नुसत्या नजरेने केलेला आहे.

निरीक्षण इतके चोख असता मीमांसा मात्र वेगळ्या दिशेने गेली. दूध पिणाऱ्या मुलाचा बहुतेक विकार दुधातून येतो, दुधाचा दोष पाजणारीच्या आहारविहारातून येतो, म्हणून औषध आधी तिला द्यावे, हे आयुर्वेदाचे सूत्र. मुलाची प्रकृती पाजणारीवर अवलंबून आहे हे त्यात मानले गेले, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच सूत्राचा घरगुती अवतार असा झाला की, मूल रडले रे रडले की बाळंतिणीच्या ताटाची झडती सुरू व्हावी. वाल खाल्लेस का, हरभऱ्याची डाळ कोणी वाढली, गार पाणी प्यालीस काय, असा तिच्यावर प्रश्नांचा मारा व्हायचा, आणि आधीच बाळंतपणाने खचलेल्या त्या मुलीला मऊ भात, तूप आणि मेतकूट यांवर दिवस काढावे लागायचे. तीन महिने उलटले, रडणे आपोआप ओसरले, की पथ्याला यश आले असे ठरे. क्वचित एखाद्या मुलाला आईच्या आहारातील पदार्थ, विशेषतः गाईचे दूध, बाधते हे खरे. परंतु वालांवर शतकानुशतके जे बालंट आले त्याला तेवढा आधार नाही.

हे रडणे आपोआप ओसरते, ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध व्हायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. अमेरिकेतील न्यू हेवनचे डॉक्टर मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली व्याख्या बांधली: एरवी निरोगी असलेले मूल दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत राहिले, तर त्याला ‘कॉलिक’ म्हणावे. त्याच वर्षी इंग्लंडात शेफील्डच्या रोनाल्ड इलिंगवर्थ यांनी याच विकारावर प्रबंध लिहिला आणि त्याला ‘तीन महिन्यांचा पोटशूळ’ हे रूढ नावच दिले. पुढे १९६२ साली बेरी ब्रेझल्टन यांनी ऐंशी मुलांच्या आयांना रडण्याच्या वेळा लिहून ठेवायला लावल्या, तेव्हा निष्पन्न झाले ते असे: दुसऱ्या आठवड्यात निरोगी मूलही दिवसाकाठी पावणेदोन तासांच्या आसपास रडते, सहाव्या आठवड्यात ते पावणेतीन तासांवर जाते, त्यापुढे उतरू लागते, आणि या रडण्याचा भर संध्याकाळी असतो.

संध्याकाळी! दिवेलागणीला मूल बाहेर काढू नये, तिन्हीसांजेला त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकाव्यात, पाळण्याखाली दिवा ठेवावा, हा जो परिपाठ घराघरांतून चालत आला त्यातील दृष्टीची कल्पना बाजूला ठेवली, तरी वेळेची नोंद बिनचूक होती असेच म्हणावे लागते. दृष्ट काढणाऱ्या आजीने रडणे थांबविले नसेल. पण ते कोणत्या प्रहरी सुरू व्हायचे हे तिला ब्रेझल्टनच्या फार आधी ठाऊक होते, आणि त्या प्रहरी घरातील एक अनुभवी बाई हातातले काम टाकून त्या मुलापाशी येऊन बसे, हेही काही थोडे नव्हते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेरच्या कामाला हात लावीत नसे, आणि त्यानंतरही तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात, बाळंतविडा घेऊनच तिची सासरी पाठवणी होई. म्हणजे रडण्याचे सगळे पर्व माहेरी आटपे. सासूच्या देखत मूल रात्रभर रडणे आणि आईच्या देखत रडणे, यांत त्या मुलीच्या जिवाला पडणारा फरक मोजण्याचे परिमाण कोणी बसविलेले नाही. पण रिवाज ज्यांनी पाडला त्यांनी तो जाणला असावा असे मला वाटते. त्या चार-पाच महिन्यांत मुलाच्या दिमतीला आजी, मावश्या, घरातल्या थोरल्या मुली आणि सकाळी न्हाऊ घालायला येणारी बाई, असे किती तरी हात असत. ही बाई पाटावर पाय लांब करून बसे, मूल पालथे-उताणे पायांवर घेई, कोमट तेल चोळी आणि मग त्याचा उजवा पाय डाव्या हाताला, डावा उजव्याला अशा घड्या घालून शेवटी दोन्ही गुडघे पोटावर दाबी. त्यासरशी कोंडलेला वारा सरला की तिच्या चेहऱ्यावर कारागिराचे समाधान दिसे. पाजल्यावर मूल खांद्यावर घेऊन ढेकर काढल्याखेरीज खाली ठेवू नये, हा तिचा दंडक असे. विड्याच्या पानाला एरंडेल लावून ते निखाऱ्यावर धरायचे आणि पोटावर शेकायचे, बेंबीभोवती हिंगाचे पाणी फिरवायचे, हेही तिच्याच अखत्यारीत येई.

या चित्राला अर्थातच दुसरी बाजू आहे. बाळंतिणीची खोली काळोखी असे, शेगडीतील निखाऱ्यांवर ओवा, वेखंड आणि लसणाच्या साली टाकून केलेल्या धुरीने ती भरून जाई, आणि नाळ कापण्याच्या हत्याराची शुद्धता कोणी पाहत नसल्याने किती तरी मुले पहिल्या आठवड्यातच धनुर्वाताने दगावत. कित्येक खेड्यांतून मुलाचे पोट फुगले की बिब्ब्याचे चटके देत, आणि मेळघाटात तापलेल्या विळ्याने तान्ह्या पोटावर डागण्याचा अघोरी प्रकार आपल्या हयातीतही घडलेला आहे. शिवाय माहेरचा तो चार महिन्यांचा विसावा ज्यांच्या घरी चूल पेटती होती त्यांच्यासाठी होता. शेतमजुराच्या बायकोला दहाव्या-बाराव्या दिवशी खुरपे हातात घ्यावे लागे, मूल बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असे, आणि ते कडेवर घ्यायला सात-आठ वर्षांची थोरली बहीण असे, जिचे नाव त्यामुळेच शाळेच्या हजेरीपटावर कधी चढले नाही.

आता सहाणेकडे वळू. बाळगुटी म्हणजे एक औषध नव्हे. ती पंधरा-वीस मुळ्या, फळे आणि शेंगा यांची पुरचुंडी आहे, आणि त्यातील प्रत्येक वस्तू आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात, सहाणेवर वेगवेगळी उगाळायची असते. वेखंड, हळकुंड, हिरडा, बेहडा, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, सुंठ, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग. मूल मोठे होऊ लागले की त्यात खारीक आणि बदाम. मात्रा गुंजेने किंवा चमच्याने नव्हे, वेढ्यांनी मोजायची: सहाणेवर वस्तू गोल फिरविली की एक वेढा. मुलाला शौच पातळ झाले तर हिरड्याचा वेढा गाळायचा, मुरडा दिसला तर मुरुडशेंगेचे दोन वेढे वाढवायचे, कफ असला तर काकडशिंगी. मुरुडशेंग हातात घेऊन पाहावी: पिळलेल्या दोरीगत वळत गेलेली, बोटभर लांबीची तपकिरी शेंग. आतड्याला पीळ पडल्यावर पिळाची शेंग द्यावी ही कल्पना प्रथम तिच्या आकारावरून सुचली असणे संभवनीय आहे. मात्र तिचा स्तंभक गुण वैद्यांनी मान्य केलेला आहे, तेव्हा तिला नुसती प्रतिमा म्हणून उडवून लावता येत नाही. गुटीची खरी खुबी मला दिसते ती वेगळीच. ती देण्यासाठी कोणीतरी अर्धा तास सहाणेपाशी बसते, त्याआधी मुलाच्या शौचाचा रंग पाहते, जीभ पाहते, पोट चाचपते, आणि आजची गुटी कालच्याहून वेगळी करते. औषध निरुपयोगी असले तरी तपासणी रोजची होती.

मात्र याच पुरचुंडीत जायफळ होते. त्याचा एखादा वेढा मुलाला झोप आणतो हे सर्वांना माहीत होते, आणि ज्या घरी झोपेची निकड जास्त त्या घरी वेढे वाढत. जायफळाने न भागल्यास पुढची पायरी अफूची होती. बाळगोळी या गोंडस नावाने मुंबई इलाख्यात शहरांतून आणि खेड्यांतून ज्या गोळ्या विकल्या जात, त्यांत अफूबरोबर जायफळ, केशर असे सुगंधी पदार्थ मिसळलेले असत. कोणी गोळी न घेता परवानेवाल्याच्या दुकानातून आणलेल्या अफूचा तिळाएवढा कण दुधात विरघळवून देई. ही चाल केवळ दरिद्री वर्गाची नव्हती. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतूनही, मूल शांत राहावे, दात सुखाने यावेत, सर्दी-हगवण होऊ नये, म्हणून ती पाळली जाई. १८७८ च्या अफूच्या कायद्याने विक्रीवर परवाने बसले, त्यांचा महसूल सरकारला मिळे, आणि इंग्लंडातील धर्मनिष्ठ मंडळींच्या आग्रहावरून १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयीचे शाही चौकशी-मंडळ नेमले गेले, तेव्हा या बाळगोळ्यांचाही विषय त्याच्यापुढे निघाला. लहान मुलांना अफू देण्याची चाल सर्वदूर आहे असे साक्षीदारांनी सांगितले. बेताने दिल्यास अपाय दिसत नाही, असे सांगणारे डॉक्टरही त्यांत होते. १८९५ च्या अहवालाने महसुलाला धक्का लावला नाही. सरकारच्या तिजोरीला सोयीचे असलेले मत शास्त्राच्या तोंडून किती सहज बाहेर पडते, याचा हा दफ्तरी पुरावा समजावा.

अफू पोटशूळ थांबविते, यात असत्य काही नाही. ती आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून मुरडा थांबतो आणि हगवणही थांबते; पण ती भूकही मारते, त्यामुळे मूल दूध मागत नाही, सुकत जाते, बद्धकोष्ठाने त्याचे पोट टणक होते, आणि मात्रा चुकून थोडी जास्त झाली तर श्वासच थांबतो. याहून भयंकर गोष्ट अशी की, रोजच्या अफूची सवय जडलेल्या मुलाला ती वेळेवर मिळाली नाही म्हणजे त्याच्या पोटात कळा येतात, अंग थरथरते, आणि ते किंचाळून रडते. पाहणाऱ्याला तो थेट पोटशूळच वाटतो. आई पुन्हा गोळी देते, मूल निवते, आणि गोळीची कीर्ती वाढते.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्यावर या चालीला घड्याळाची जोड मिळाली. कावसजी दावर यांच्या पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ सालची. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या टापूत रत्नागिरी-साताऱ्याकडची हजारो कुटुंबे येऊन राहिली, आणि बायका वाइंडिंग-रिळिंगच्या खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे मुकादमबाईच्या, हाताखाली उभ्या राहिल्या. १८९१ च्या कारखाने-कायद्याने बायकांच्या कामाची मर्यादा अकरा तासांवर आणली, यावरून आधीची स्थिती कल्पावी. गावाकडे निदान बांधावर झोळी होती; चाळीच्या खोलीत मागे राही ती एखादी जराजर्जर सासू, शेजारीण, किंवा तीच सात-आठ वर्षांची थोरली मुलगी. पाळी सुरू होण्यापूर्वी आई मुलाला पाजे, गोळी देई आणि भोंग्याच्या आधी फाटक गाठे; संध्याकाळी परत आल्यावर स्वयंपाक उरकायचा म्हणून, आणि रात्री एकाच खोलीत निजलेल्या पाळीकऱ्यांची झोप मोडू नये म्हणून, पुन्हा एक गोळी. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीसाठी डॉक्टर बार्न्स या बाईंनी १९२२ साली जी पाहणी प्रसिद्ध केली तीत त्यांनी लिहिले की, गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. त्या काळी मुंबईत जन्मलेल्या मुलांपैकी वर्षाच्या आत मरणाऱ्यांचे प्रमाण छातीत धडकी भरविणारे होते, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते सर्वांहून अधिक होते. या मृत्यूंचे सगळे माप अफूच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. घाण, गर्दी, दारिद्र्य आणि देवी-हगवणीच्या साथी त्यात आहेत. त्या आयांना निर्दय म्हणणाऱ्या सुखवस्तू लेखकांचेही मला नवल वाटते. रडणारे मूल कडेवर घेण्याचा इलाज त्यांना माहीत नव्हता असे नाही; त्यासाठी लागणारे हात गिरणीने दिवसाच्या रोजावर विकत घेतले होते.

आणि ही कथा एकट्या मुंबईची नव्हे. तीच आधी इंग्लंडात घडून गेली होती. अफूचा अर्क काकवीत मिसळून केलेले ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे पेय तेथील कारखान्यांच्या गावांतून दुकानोदुकानी मिळे. नॉटिंगहॅम शहरात लेस विणणाऱ्या बायका कामात खंड पडू नये म्हणून आपल्या तान्ह्या मुलांना ते कसे पाजतात, याच्या साक्षी १८४३ च्या बालमजुरी-चौकशीच्या अहवालात आहेत. अमेरिकेतील ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ १८४९ पासून मॉर्फिन घालून विकले जाई, आणि बाटलीवर ती गोष्ट छापण्याची सक्ती १९०६ च्या कायद्याने आली.

योगायोग असा की, अफूवाचूनची बाटलीही नॉटिंगहॅममध्येच जन्माला आली. तेथील औषधविक्रेता विल्यम वुडवर्ड याने १८५१ साली, पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या मुलखातील ज्वरावर देण्यात येणाऱ्या एका मिश्रणावरून कल्पना उचलून, ग्राइप वॉटर तयार केले: खाण्याचा सोडा, शेपाचे तेल, साखर, पाणी आणि शेकडा साडेतीनच्या आसपास मद्यार्क. १८७६ साली त्याने नाममुद्रा नोंदविली. आपल्याकडच्या बाटलीवर आजही ते चित्र आहे: दोन्ही हातांनी साप धरून दाबणारे गुटगुटीत मूल. तो ग्रीकांचा बाल हर्क्युलीस आहे. पण कालियामर्दन ऐकत वाढलेल्या आमच्या आयांना परकेपणा वाटण्याचे कारणच पडले नाही, आणि साहेबाच्या बंगल्यातून, तिथली मुले सांभाळणाऱ्या आयांमार्फत पेठेत आणि पेठेतून तालुक्याच्या बाजारात ही बाटली पोचली. तिच्यात नवल म्हणाल तर शेपाचे. बाळंतशोपा म्हणून जे बी आमची बाळंतीण जेवणानंतर चघळते, आणि जे शेगडीवरच्या धुरीत पडते, त्याच्याच जातीचे तेल विलायतेतून बाटलीत भरून, बूच मारून आमच्याकडे परत आले. पेठेतल्या मंडळींनीही हा बाजार ओळखला. गिरगावच्या डोंगरे बालामृताने तर मराठी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत एक सबंध पिढी जागा अडवली. दूरदर्शनवर ग्राइप वॉटरच्या जाहिरातीत आई, आजी, पणजी यांची साखळी दाखवू लागले तेव्हा, सहाणेची जी परंपरा ही बाटली मोडीत काढीत होती, तीच तिने आपल्या नावावर चढवून घेतली होती.

बाटलीतील कशाने गुण येई? मद्यार्काने काही मुले निजत असतील, साखरेने काही क्षणभर निवत असतील. ब्रिटनमध्ये १९९२ च्या सुमारास मद्यार्क काढून टाकावा लागला. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे सांगतात, आणि त्यात गुटी व ग्राइप वॉटर ही दोन्ही आली. अस्वच्छ सहाण आणि भेसळीचा माल यांनी होणारा अपाय त्यांना रोज दिसतो, म्हणून त्यांचे म्हणणे मानावे.

डॉक्टरांची स्वतःची वहीही मात्र कोरी नाही. आतड्याचा पीळ सोडविणारे डायसायक्लोमिन हे औषध कॉलिकवर कित्येक वर्षे सर्रास दिले गेले, आणि त्याने काही तान्ह्या मुलांचा श्वास अडखळतो असे आढळल्यावर सहा महिन्यांखालील मुलांना ते वर्ज्य ठरले. पुढे रिफ्लक्सचे युग आले. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तेथील स्नायूंचे वलय तान्हेपणी सैल असते, आहार सगळा पातळ असतो, आणि मूल दिवसाचा बहुतेक वेळ आडवे असते. त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दूध वर येते, आणि ती बसू-उभी राहू लागली, भाताची पेज खाऊ लागली की वर्ष-दीड वर्षात हा प्रकार थांबतो. तरीही रडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घशाशी आम्ल आले आहे अशी समजूत पसरली आणि मोठ्यांची पित्तशामके थेंबाथेंबाने मुलांच्या पोटात गेली. २००९ साली १६२ मुलांवर लॅन्सोप्रॅझोलची चाचणी झाली. खरे औषध मिळालेल्या मुलांपैकी शेकडा ५४ मुलांना उतार पडला. नुसते बिनऔषधी द्रव्य मिळालेल्यांतही शेकडा ५४ मुलांनाच पडला. वाल न खाणाऱ्या बाळंतिणीची कथा आणि ही कथा यांत तत्त्वतः फरक नाही. हिरवी ओकारी, ओकारीत रक्त, वजन न वाढणे, ताप, दूध पूर्ण तोडणे, ही लक्षणे असली तर गोष्ट वेगळी. तेव्हा दृष्ट काढीत बसू नये, इस्पितळ गाठावे.

उरला प्रश्न हातांचा. कॅनडातील माँट्रियल येथे हंझिकर आणि बार या संशोधकांनी १९८६ साली काही आयांना, मूल रडत नसतानाही दिवसाला तीन तास अधिक जवळ घ्यायला सांगितले. सहाव्या आठवड्यात त्या मुलांचे रडणे इतरांपेक्षा शेकडा ४३ ने कमी भरले. आनंद व्हावा असा हा आकडा. पण पुढे ज्यांचे रडणे आधीच हाताबाहेर गेले होते अशा मुलांवर तोच प्रयोग झाला तेव्हा तसा फरक दिसला नाही. आफ्रिकेतील कालाहारीच्या वाळवंटात, जेथे मूल दिवसभर आईच्या अंगावरच असते, त्या कुंग लोकांच्या मुलांचे रडणे एकंदरीने पाश्चात्त्य मुलांच्या निम्म्याच्या आसपास असते. पण पहिल्या तीन महिन्यांतली त्याची चढ-उतार तेथेही चुकत नाही. हातांनी रडण्याचा काळ आखडतो, टळत नाही. परंतु घेणारे हात चार असले म्हणजे आईला मध्ये दोन तास निजता येते, आणि त्राण संपलेल्या माणसाने रडते मूल रागाच्या भरात गदागदा हलविण्याचा जो खरा धोका असतो, तोही दूर राहतो.

कायद्याच्या भाषेत हे हात म्हणजे रजा. मुंबई कायदे-कौन्सिलात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आसवले यांनी मांडले, १९२८ च्या जुलैत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. कामकरी बाईला रोज आठ आण्यांप्रमाणे साहाय्य मिळू लागले, आणि प्रसूतीनंतर चार आठवडे तिला कामावर लावण्यास मनाई झाली. गिरणीवाल्यांच्या विरोधाला न जुमानता झालेला तो कायदा त्या काळी मोठाच म्हटला पाहिजे. मात्र चार आठवडे संपतात नेमके त्या सुमारास, ज्यापुढे दोन आठवड्यांनी रडण्याचा कळस यायचा; गोळीची गरज तेव्हाच सुरू व्हायची. गिरण्यांतून पाळणाघरे निघाली ती थोडी, आणि तेथे परक्या जातीची बाई मुलाला काय पाजील या शंकेने आया बिचकत. बाळगोळी मागे हटली ती हळूहळू: अफूची दुकाने आणि कोटा घटत गेला, १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत औषधाव्यतिरिक्तचा वापर बंद करण्याचे ठरविले, आणि गिरण्यांतून बायकांची संख्याही, त्यांच्यासाठी झालेल्या कायद्यांचे निमित्त करून, मालकांनी कमी करीत आणली.

आज पुण्या-मुंबईत न्हाऊ घालणारी बाई महिन्याच्या करारावर येते आणि तिचा दर दरवर्षी चढतो. गुटीच्या मुळ्या सुबक खोक्यात, वेढ्यांच्या छापील तक्त्यासह मिळतात. न्यू जर्सीत किंवा सॅन होजेत मराठी मुलगी बाळंत व्हायची असली की आई सहा महिन्यांच्या मुक्कामाच्या परवान्यावर तिकडे जाते. माहेराने सासरी जाण्याचा हा नवा प्रकार. सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि कापडात गुंडाळलेली सहाण असते. तिकडच्या डॉक्टरने गुटीला मनाई केलेली असते आणि जावयाचा कल डॉक्टरकडे असतो, म्हणून काही दिवस सहाण बॅगेतच राहते. मग एका रात्री, मूल तीन तास रडल्यावर, तोच ती बाहेर काढायला सांगतो. आजी त्या मुलाला घेऊन संध्याकाळभर येरझारा घालते, पायांवर जोजवते, पाजून झाल्यावर अर्धा तास खांद्यावर उभे धरते, मुलीला निजायला लावते. परतीच्या विमानात ती बसते तेव्हा मूल पालथे पडू लागलेले असते आणि संध्याकाळचे रडणे केव्हाच बंद झालेले असते. घरात त्याचे श्रेय गुटीला मिळते, आणि आजीही त्याला हरकत घेत नाही.